बुटीकची काच आणि लुगड्याचा काठ

१

आपल्या चळवळीने अन्नाचा विचार केला, पाण्याचा केला, जमिनीचा केला, शाळेच्या आणि देवळाच्या दाराचा केला. वस्त्राचा विचार मात्र त्या मानाने कमीच झाला. कपडे, फॅशन, बुटीक असले शब्द उच्चारले की आपल्यातला कार्यकर्ता लगेच म्हणतो, "हे खात्यापित्या घरच्या बायकांचे विषय. आपल्यापुढे कामे काय थोडी आहेत?" वरवर हे पटते. परंतु काय नेसावे, किती नेसावे आणि कसे नेसावे हे ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्या समाजाच्या दृष्टीने वस्त्राचा प्रश्न दुय्यम कसा ठरेल? पाणवठ्यावर जात ओळखली जाई ती आधी नेसण्यावरून, मग नावावरून.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आईने जन्मभर कापूस वेचला आणि हंगामात अजूनही वेचते. मध्यंतरी एका उजळणी वर्गासाठी मला मुंबईत काही आठवडे राहावे लागले. तेव्हा सुट्टीच्या दिवशी काळा घोडा, लोअर परळ आणि वांद्रे या भागांतली स्त्रियांच्या कपड्यांची बुटिके मी मुद्दाम पाहत हिंडले. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. पाहायचे, विचारायचे, किमतीची चिठ्ठी उलटून वाचायची, एवढेच. त्या पाहण्यातून जे प्रश्न पडले त्यांची मांडणी येथे करीत आहे. बुटीक म्हणजे काय, त्याचे अर्थकारण कसे चालते आणि आपला त्याच्याशी संबंध काय, हे आपल्या मुलींना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

२

'बुटीक' हा फ्रेंच शब्द. त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या कोठार या अर्थाच्या शब्दात आहे. फ्रेंचांच्या लेखी ते साधे छोटे दुकान. आपल्याकडे येईपर्यंत मात्र त्या शब्दाला प्रतिष्ठेची कल्हई चढली. दादरच्या हिंदमाता भागात साड्यांच्या दुकानात गेले तर एकाच नमुन्याच्या साड्यांची थप्पी असते, नोकर दहा साड्या फटाफट उलगडून टाकतो, आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागते. बुटीकमध्ये यातले काहीच नसते. मोठ्या खोलीत मोजकेच कपडे टांगलेले, मंद दिवे, भाव ठरलेला. दुकानात माल जास्त आणि जागा कमी. बुटीकमध्ये जागा जास्त आणि माल कमी. त्या मोकळ्या जागेचे भाडेही गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते.

आपल्या देशात हा व्यवसाय आजच्या स्वरूपात उभा राहिला तो १९८० नंतरच्या दशकात. १९८६ साली दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'निफ्ट', सुरू झाली. १९८७ साली मुंबईत लायन गेटजवळ 'आँसाम्ब्ल' हे दुकान तरुण तहिलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढले. अनेक डिझायनरांचे कपडे एका छपराखाली विकणारे हे देशातले पहिले बुटीक मानले जाते. १९९५ साली निफ्टचे केंद्र मुंबईत आले. २००० सालापासून फॅशन वीक भरू लागले. २०२३ साली सब्यसाची मुखर्जी यांचे भव्य दालन फोर्टमधल्या एका जुन्या बँकेच्या इमारतीत उघडले. एक पिढीही पुरती सरली नाही तोच शिंप्याच्या मशीनवरून हा व्यवसाय बँकेच्या इमारतीपर्यंत पोचला.

बुटिकांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला, डिझायनरचे स्वतःचे दुकान. दुसरा, अनेक डिझायनरांचा माल ठेवणारे दुकान. येथे बहुधा माल विकत घेतला जात नाही. तो नुसता ठेवून घेतला जातो. विकला तर दुकानदार आपला मोठा वाटा कापून उरलेली रक्कम देतो आणि न विकला तर माल परत. म्हणजे नुकसानीचा धोका बनविणाऱ्याच्या डोक्यावर. तिसरा प्रकार म्हणजे मापावर शिवून देणारे लहान दुकान. आज तालुक्याच्या गावी 'लेडीज टेलर'ची पाटी उतरवून 'बुटीक'ची पाटी लागते ती याच प्रकारात मोडते.

कपडा तयार होतो तो मात्र काचेच्या दारापासून दूर. धारावी, कुर्ला, गोवंडी येथील माळ्यांवर लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवतात. त्या चौकटीला अड्डा म्हणतात. अड्ड्याभोवती मांडी घालून कारागीर जरीचे आणि टिकल्यांचे काम करतात. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून आलेले मुसलमान कारागीर पुष्कळ. कापड बेतणारे मास्टरजी वेगळे, शिवणारे वेगळे, काजे-बटणे करणारे वेगळे, दोरे कापणाऱ्या बायका आणखी वेगळ्या. एका कपड्यावरून असे अनेकांचे हात फिरतात. कपड्याच्या गळ्यामागे मात्र एकाच माणसाच्या नावाची पट्टी असते.

३

आता हिशेब मांडू. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन आणि हळद वाढली असली तरी कापूस अजून आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला तर सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. साधी सुती साडी अर्ध्या किलोच्या आसपास भरते. सूत कातताना होणारी घट धरली तर तिला सुमारे ६०० ग्रॅम रुई, म्हणजे पावणेदोन किलो कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या भावाने पावणेदोन किलोचे दीडशे रुपयेसुद्धा होत नाहीत. वेचणीची मजुरी आमच्याकडे किलोला दहा रुपये धरली, तर त्या एका साडीपुरता कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातावर पडतात सतरा-अठरा रुपये.

अशी हातमागाची साडी बुटीकमध्ये आठ हजारांना टांगलेली आहे असे समजा. गिऱ्हाइकाच्या शंभर रुपयांतून वेचणाऱ्या बाईला मिळतात बावीस पैसे. उरलेला सगळा पैसा दुकानदाराचा नफा असतो असे मात्र म्हणता येणार नाही. जिनिंग, सूत, रंग, विणकराची मजुरी, भाडे, वीज, कर, आणि न खपलेल्या मालाचे नुकसानही त्यातच भरून काढायचे असते. मुद्दा वेगळाच आहे. मूळ कापूस वेचणारी बाई या हिशेबात कोठे दिसतच नाही. साडीला अडकवलेल्या चिठ्ठीवर विणकराच्या गावाचे नाव कधीकधी असते, नैसर्गिक रंगाचा उल्लेख असतो, 'हाताने विणलेली' हे शब्दही असतात. बोंडाच्या काट्यांनी बोटे ओरबाडून घेणाऱ्या बाईचा उल्लेख मी कोणत्याही चिठ्ठीवर वाचला नाही. जिनिंगच्या ढिगात गेला की कोणाचा कापूस कोठे गेला हे कोणी सांगू शकत नाही हे खरे. पण तो कोणत्या थरातल्या बायकांनी वेचला हे सांगायला संशोधन करावे लागत नाही.

४

लोअर परळला गेले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेथील चकचकीत दालने ज्या जमिनीवर उभी आहेत ती गिरण्यांची जमीन. फिनिक्स ही १९०५ सालची गिरणी. आज त्या आवारात मॉल आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने त्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. हा इतिहास मराठी वाचकाला माहीत आहे. त्याच्याही आधीचा एक इतिहास मात्र कमी सांगितला जातो.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडी जाई. अस्पृश्याच्या थुंकीने सवर्ण कामगार विटाळेल, म्हणून अस्पृश्याने कताईच्या रिंग खात्यातच राहावे. साचाखात्यात पगार जास्त होता हेही येथे सांगितले पाहिजे. विटाळाच्या नावाखाली राखीव ठेवले होते ते हेच जास्त पगाराचे काम. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असे त्यांनी सांगितले, तेव्हाही त्यांच्यासमोर हेच उदाहरण होते.

या विटाळाचा पोकळपणा पाहायचा तर विदर्भाकडे पाहावे. तेथे महार कुटुंबे पूर्वापार जाडेभरडे कापड विणीत आणि ते बाजारात विकले जाई. हातमागावर विणलेले महाराचे कापड चालते आणि गिरणीतल्या साच्यावर मात्र महार चालत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? धर्म तोच, कापूस तोच. बदलला होता फक्त पगार.

म्हणून मिलच्या आवारात 'हातमागाचा वारसा' असा फलक मी वाचला तेव्हा मनात विचारले, कोणाचा वारसा?

५

आता नेसण्याच्या नियमांकडे वळू. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात महार स्त्रियांच्या लुगड्याविषयी लिहिले आहे. लुगड्याचा काठ दिसेल असे नेसण्याची त्यांना मुभा नव्हती. काठ निऱ्यांत दडवावा लागे. लुगडे विकत घ्यायचे, काठाचे पैसे मोजायचे, आणि तो काठ लपवायचा. काठ दिसला तर वरच्या जातीच्या बाईत आणि हिच्यात फरक काय उरला, हा त्यामागचा विचार. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले, तेव्हा १८५९ साली राजाज्ञा निघाली. म्हणजे हा प्रकार एका गावाचा किंवा एका प्रांताचा नव्हता. वस्त्र हे जातिव्यवस्थेचे रोज वाचले जाणारे पत्रक होते, आणि ते बाईच्या अंगावर चिकटवलेले होते.

या पार्श्वभूमीवर महाड आठवावे. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाले हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच परिषदेच्या अखेरीस, २७ डिसेंबरला, बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. नेसण्याची जी पद्धत तुमची जात ओळखू आणते ती सोडा, अंगावरचे जड चांदीचे आणि कथलाचे दागिने उतरवा, कपडा जुना असला तरी चालेल पण तो स्वच्छ असावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. स्त्रियांनी तो तेथल्या तेथे अमलात आणला. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातील स्त्रियांनी त्यांना पायघोळ लुगडे नेसण्याची पद्धत दाखवली. सभा ऐकून घरी निघालेल्या बायका आल्या तेव्हापेक्षा वेगळ्या दिसत होत्या. ग्रंथ जाळल्याचे परिणाम दिसायला काळ जावा लागतो. येथे परिणाम त्याच दिवशी रस्त्यावर चालू लागला.

काही अभ्यासक यावर आक्षेप घेतात की हे उच्चवर्णीयांचे अनुकरण झाले. हा आक्षेप मला अपुरा वाटतो. अनुकरण करणारा दुसऱ्यासारखा दिसू पाहतो. महाडच्या स्त्रियांनी केले ते वेगळे होते. आपल्या अंगावरून आपली जात वाचता येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. जे चिन्ह दुसऱ्याने लादले ते उतरवणे याला अनुकरण म्हणत नाहीत. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायात आपल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या. त्या दिवशी त्यांनी चिन्ह नुसते उतरवले नाही, तर स्वतःचे चिन्ह स्वतः निवडले. महाड ते नागपूर हा वस्त्राच्या बाबतीतला एकोणतीस वर्षांचा प्रवास आहे, आणि त्याचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही.

६

मुंबईच्या बुटिकांत मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते एका उलट्या व्यवहाराने. जे आपल्या बायकांनी उतरवले तेच तेथे टांगलेले आहे. काळवंडलेल्या चांदीच्या जाड सऱ्या, दंडातले वाकी-कडे, जाडेभरडे बिनरंगाचे कापड, आणि 'ट्रायबल' या नावाखाली कवड्या व आरशांचे भरतकाम. आमच्या हिंगोली जिल्ह्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. तांड्यावरची म्हातारी फेटिया-कांचळी घालून एस.टी.त चढली की शेजारचा माणूस आपली पिशवी सावरून घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच भरतकामाचा तुकडा लावलेले जाकीट काचेआड दहा-बारा हजारांचे होते.

याचा उलगडा मी असा करते. वस्तू तीच असते. जो ती हवी तेव्हा उतरवून ठेवू शकतो त्याच्या अंगावर तो दागिना, आणि ज्याला ती उतरवण्याची मुभा नाही त्याच्या अंगावर तो बिल्ला. संध्याकाळच्या मेजवानीला जाड सरी घालून गेलेली बाई रात्री ती पेटीत ठेवते आणि सकाळी कार्यालयात जाते. माझ्या आजीला ती सोय नव्हती. म्हणून 'तुमचीच कला आम्ही पुढे आणली' असे कोणी म्हणाले तर आपण एवढेच विचारावे, की कला पुढे आली, कलावंत कोठे आहे?

हा प्रश्न आता जगाच्या बाजारातही उभा राहिला आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावसुद्धा घेतले नाही. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्याची नोंद महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. वर्तमानपत्रांनी हा 'महाराष्ट्राच्या अस्मितेचा' प्रश्न केला. पण चामडे कमावणारे आणि टाके घालणारे हात कोणत्या जातींचे, हे त्या बातम्यांत फारसे आले नाही. अपमान झाला तेव्हा चप्पल महाराष्ट्राची झाली. एरवी ती चांभाराची असते.

उलट उदाहरणही आहे. मुंबईत सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' या नावाने पिशव्यांचा व्यवसाय उभा केला. २०१५ च्या गोवंशहत्याबंदीनंतर धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचे काम बसले, तेव्हा टाकाऊ रबरापासून पिशव्या करण्याचे काम त्यांनी अशा कारागिरांबरोबर सुरू केले. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच गळ्यामागच्या पट्टीवर आला. नाव लपवून नव्हे, नाव लावून विकणे हीही एक वाट आहे.

७

येथवर आलो म्हणजे आपल्या मुलींचा प्रश्न येतो. आमच्या महाविद्यालयात मुली नीटनेटक्या येतात. कोणी आरी वर्कचा ब्लाउज शिवून घेते, कोणी सणाला डिझायनर ड्रेस घेते. यावर आपल्यातलेच काही वडीलधारे कार्यकर्ते नाके मुरडतात आणि साधेपणाचा उपदेश करतात. मला हा उपदेश मान्य नाही. साधेपणा हा ज्याच्याजवळ निवड आहे त्याचा गुण असतो. बाबासाहेबांच्या कोटाकडे बोट दाखवून टीका करणारे होते. परंतु त्या कोटाने आपल्या माणसांना ताठ उभे राहायला शिकवले हे आपण जाणतो.

पण दुसरी बाजूही आहे. एका ठिकाणी नोकरीच्या पहिल्या दिवसांत एक सहकारी बाई माझ्या साडीकडे पाहून कौतुकाने म्हणाल्या, "वाटत नाही हो तुम्ही त्यांच्यातल्या!" त्यांच्या दृष्टीने ती स्तुती होती. 'त्यांच्यातली' बाई कशी दिसते याचे चित्र त्यांच्या मनात पक्के होते आणि माझी साडी त्या चित्रात बसत नव्हती. तेव्हा मला कळले, की कपडा बदलल्याने जात वाचणाऱ्याची नजर बदलत नाही. ती फक्त घटकाभर गोंधळते. आणि म्हणून कपड्यावर भिस्त ठेवून भागणार नाही. आपल्या मुलींना चांगले कपडे जरूर घालू द्यावेत, पण त्यामुळे कोणी आपल्याला 'वेगळी' समजले तर त्यात आनंद मानू नये, हेही शिकवावे.

आता थोडे कामाचे बोलू. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून आपल्या स्त्रियांना शिवणयंत्रे मिळतात. यंत्र येते, घरात बसते, त्यावर पिको-फॉल आणि जुने कपडे दुरुस्त करणे चालते. बेतणे, माप घेणे, अस्तर बसवणे, कापडाचा आणि वेळेचा हिशेब धरून दर लावणे हे शिकवायला मात्र कोणी येत नाही. वस्तुतः शिलाईत पैसा आहे तो बेतण्यात. मशीन चालवण्याची मजुरी सगळीकडेच तुटपुंजी. कात्री ज्याच्या हाती त्याच्या हाती धंदा. बचत गटांनी दहा यंत्रांऐवजी एक चांगली बेतणारी बाई तयार केली तर त्या दहा यंत्रांचेही चीज होईल. निफ्टसारख्या केंद्रीय संस्थेत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत. तेथली फी काही लाखांत जाते हे खरे, पण शिष्यवृत्तीच्या योजनाही आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या किती मुलींना अशी प्रवेशपरीक्षा असते एवढे तरी ठाऊक आहे? हे सांगणे शिक्षकांचे काम आहे.

आमच्याच जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव शिंपी होते. मंगळवेढ्याला कुसवाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या अशी परंपरा सांगते. सुई हातात धरणारा माणूस कोणाच्या बाजूने उभा राहतो, याचे हे आपल्या भागातले जुने उदाहरण आहे.

शेवटी एक सूचना. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत आपल्या आजीला, पणजी असेल तर तिला, चार प्रश्न विचारावेत. लुगडे कोणत्या रंगाचे नेसत होता? काठ दिसू देत होते काय? कोणता दागिना कधी उतरवला? पहिले नवे कोरे कापड कशासाठी घेतले? उत्तरे आहेत तशी, त्यांच्याच भाषेत, वहीत उतरवावीत. त्या म्हाताऱ्या बायका गेल्या की हे सांगणारे कोणी उरणार नाही, आणि मग आपल्या लुगड्याचा इतिहाससुद्धा किमतीच्या चिठ्ठीवर दुसराच कोणी लिहील.